मंगळवार-शुक्रवारचं कॉलेज

किन्हवली मागे पडलं की रस्त्याच्या कडेने भात वाळत घातलेलं दिसायला लागतं. अर्धा रस्ता भाताचा, अर्धा गाड्यांचा. एसटीचा ड्रायव्हर न कुरकुरता गाडी एका अंगाला घेतो आणि खिडकीतून ओल्या पेंढ्याचा, तापलेल्या तुसाचा वास आत येतो. शहापूरहून मुरबाडला भूगोल शिकवायला जाते त्याला अठरा वर्षं झाली. दरवर्षी हा वास आला की मला आधी शेत आठवत नाही, हजेरीपट आठवतो.

कारण कापणी लागली की वर्ग रिकामा होतो. खिडकीजवळच्या बाकांवर गावठाणातली, दुकानदारांची, नोकरदारांची मुलं तेवढी उरतात. बाकीची शेतात असतात. फळ्याकडे तोंड करून नकाशा काढताना पाठीमागे किती शांतता आहे यावरून मला कळतं की आज सिद्धगडाच्या पायथ्याची मुलं आलेली नाहीत, आज वैशाखऱ्याच्या बाजूची आलेली नाहीत. पूर्वी आम्ही याला दांडी म्हणायचो. स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणीतरी म्हणायचं, यांना शिकायचंच नाही, आणि मीही मान हलवायचे.

खरं तर मान हलवायचा मला अधिकार नव्हता. मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी. शहापूरच्या कॉलेजात होते तेव्हा कापणीच्या तीन आठवड्यांत आमच्या सरांनी प्लेन टेबलवर सर्वेक्षण करायला शिकवलं. तिपाईवर ठेवलेला तो सपाट फळा, त्यावरचा कागद, दूरच्या झाडाकडे रोखलेली पट्टी, यातलं काहीच मी पाहिलं नाही. मी भारे वाहत होते. प्रॅक्टिकलची वही मैत्रिणीच्या वहीवरून उतरवली, गुण मिळाले, पास झाले. पुढे शिक्षिका झाले आणि तोच धडा शिकवायची वेळ आली तेव्हा आदल्या दिवशी कपाटातून तिपाई काढून, दार लावून, एकटीने ती उभी करायला शिकले. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी कॉलेज बऱ्याच महिन्यांच्या बंदीनंतर उघडलं होतं. मोबाइलवरचं शिकवणं संपलं, बाकांवरची धूळ पुसली गेली आणि जुने नियम दुप्पट जोमाने परत आले. हजेरी समितीची प्रमुख मी होते. कापणी ऐन भरात असताना मी यादी केली, सही केली आणि शिपायाकडून बोर्डावर लावली. ज्यांची हजेरी कमी त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. यादीत सगळ्यात वर नाव होतं दुसऱ्या वर्षाच्या कविता पष्टेचं.

दुसऱ्या दिवशी ती आली. वैशाखऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत तिची वाडी. ती थेट खळ्यावरून आली असावी. ओढणीला तूस चिकटलेलं होतं आणि हाताला कापणीचे बारीक ओरखडे. रडली नाही, आवाज चढवला नाही.

"मॅडम, यादीत माझं नाव तुमी लिवलं का?"

"नियम आहे, कविता. यादी मी केली, पण नियम माझा नाही."

"कॉलेज बंद होतं तवा मी एक लेक्चर सोडलं नाय. आमच्या वाडीच्या वर खडक हाय, तिथं रेंज येते. पावसात इरलं घेऊन बसायची मी. तवा मी हजर होते. आता कॉलेज उघडलं आन मी गैरहजर."

मी विचारलं, घरी कापायला दुसरं कुणी नाही का. ती म्हणाली, "बाबा कल्याणला वॉचमन हायेत, सुट्टी मिळत नाय. आई आन मी. मी हितं आले की आई एकटी. आज आले तर भाताचा एक चोंढा कापायचा तसाच उभा राह्यलाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब नव्हता, नुसती वस्तुस्थिती होती. ती गेल्यावर मी बोर्डापाशी जाऊन आपलीच सही पाहत उभी राहिले. मग यादी काढली आणि प्राचार्यांच्या खोलीत गेले.

प्राचार्य कडक माणूस, पण ऐकून घेणारे. मी म्हटलं, सर, माझा एक पेपर मला वेगळ्या पद्धतीने शिकवू द्या. थोडं मोबाइलवरून, थोडं वर्गात. दोन्हीकडची हजेरी धरायची.

"उद्या कुणी विचारलं, मुलं कुठे होती, तर काय सांगू?"

"अभ्यास करत होती, असं सांगा."

"पुरावा?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. त्यांनी थोडा वेळ यादीकडे पाहिलं. "एक पेपर, एक सत्र," ते म्हणाले. "तोवर ही यादी माझ्याकडे राहील. पण पुरावा लागेल, मॅडम. फोन चालू होता, एवढ्याला मी हजेरी म्हणणार नाही."

मी आठवडाभर राबून आराखडा केला. सोमवार, बुधवार, गुरुवार सकाळी दहा वाजता मोबाइलवर थेट तास. मंगळवार, शुक्रवार कॉलेजात. रंगीत चौकटी आखल्या, प्रत्येक धडा कुठे बसेल ते ठरवलं. मला तो तक्ता फार आवडला होता. पहिल्या सोमवारी दहा वाजता मी नीट साडी नेसून लॅपटॉपसमोर बसले. वर्ग बेचाळीस जणांचा. सहा मुलं आली. त्यातली चार मुरबाड गावातलीच होती, चालत कॉलेजला आली असती तरी चाललं असतं. कविता नव्हती.

आमच्याकडे गणित शिकवणारे देसले सर मूळचे कविताच्याच पट्ट्यातले. त्यांनी तक्ता हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "मॅडम, दहाला तर भात कापतात. हा टाइम तुमी कुणाला विचारून ठेवला?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतः भारे वाहिलेली मी, आणि दहा वाजता शेतात काय चालतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शिकवायला लागल्यावर माणूस घड्याळ बदलतो, आणि त्याला ते कळतही नाही.

त्या रविवारी देसले सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी कविताच्या वाडीला गेले. तिची आई खळ्यावर होती. भाताचा भारा फळीवर आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. मला पाहून तिने हात थांबवले, पदर सारखा केला आणि बसायला पेंढ्याची गादी करून दिली. "पोरीचं नाव काढलं काय हो कॉलेजातून?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. "मंग ठीक," ती म्हणाली आणि पुन्हा झोडणीला लागली.

साडेचारला कविता मला खडकावर घेऊन गेली. चढ फार नव्हता, पण मला दोनदा थांबावं लागलं. वर आधीच चार मुलं बसली होती, प्रत्येकाची जागा ठरलेली. खाली कापलेल्या आणि न कापलेल्या चोंढ्यांच्या पायऱ्या, पलीकडे माळशेजकडे जाणारा रस्ता. कविताने फोन काढला आणि माझ्याच सोमवारच्या तासाचं ग्रुपवर टाकलेलं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. त्याच्यामागे मी, तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. तशीच अडकलेली. बराच वेळ आम्ही दोघी माझ्याकडे पाहत बसलो.

"तुमी दिसत नाय धड," कविता म्हणाली. "पण आवाज कवा कवा येतो. मॅडम, जेवढं पोचतं तेवढंच पाठवा ना."

मी तिचं एवढंच वाक्य मनात धरून खाली आले.

दुसरा आराखडा मी तक्त्यावरून नाही, खडकावरून केला. जे पोचतं ते पाठवायचं. दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, सोबत एखादी छोटी आकृती. ऐकायची वेळ ज्याची त्याने ठरवायची. पहिली दोन मुद्रणं मी पुस्तक वाचल्यासारखी केली, ती ऐकून मलाच कंटाळा आला. तिसऱ्यापासून मी समोर एक माणूस आहे असं धरून बोलायला लागले, आणि तो माणूस बहुतेक वेळा दमून खडकावर बसलेला असायचा. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक प्रश्न ठेवला, ज्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. तुमच्या शेतातलं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला मिळतं? तुमच्याकडे आधी कुठलं शेत पिकतं, आणि का? उत्तर आवाजात सांगून पाठवायचं. उत्तर आलं की हजेरी लागली.

उत्तरं यायला लागली. त्यांच्यामागे वारा असायचा, झोडणीचा आवाज असायचा, कुणाची तरी हाक असायची. कविताचं पहिलं उत्तर मला अजून तसंच्या तसं आठवतं. "मॅडम, आमचा वरचा चोंढा आधी कापाया येतो. तिथं माती हलकी हाय, पाणी थांबत नाय, म्हणून आई तिथं लवकर पिकणारं हळवं लावते. खाली काळी माती, तिथं उशिरा पिकणारं गरवं. पुस्तकात उताराची माती वाहून खाली येते असं लिवलंय, तेच हे. मला आधी वाटायचं आई उगीच लावते तसं." हे उत्तर मी प्राचार्यांना ऐकवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. "हा पुरावा झाला," ते म्हणाले. एवढंच. पण माझी त्या सत्रातली सगळी धावपळ त्या तीन शब्दांनी फिटली.

मग मंगळवार आणि शुक्रवार. घरी ऐकून होण्यासारखं जे होतं ते मी या दोन दिवसांतून काढून टाकलं. या दोन दिवशी फक्त ते करायचं जे एकट्याने होत नाही. नकाशे जमिनीवर पसरून त्यावर भांडायचं. तिपाई मैदानात नेऊन सर्वेक्षण करायचं. मुलं आता गप्प बसत नव्हती, कारण प्रत्येक जण आपलं उत्तर घेऊन आलेला असायचा आणि शेजारच्याचं उत्तर वेगळं असायचं. एका मंगळवारी मैदानात पट्टी झाडाकडे रोखत असताना मी त्यांना सांगून टाकलं की कॉलेजात असताना मी हे कधी केलंच नाही, कापणीला होते. मुलं हसली नाहीत. एकाने विचारलं, "मंग तुमाला परीक्षेला बसू दिलं का?" मी म्हटलं, दिलं. तेव्हा हुकलं ते परीक्षेला बसणं नव्हतं, हे शिकणं होतं.

सगळं जमलं असं नाही. दोन मुलं भिवंडीकडे गोदामात कामाला लागली आणि त्यांची उत्तरं थांबली. मी फोन करत राहिले. एकाने एकदा उचलला, म्हणाला, "मॅडम, नंतर बोलतो." ते नंतर कधी आलं नाही. त्या दोघांसाठी काय करायला हवं होतं हे मला अजूनही माहीत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि कविताचंही लग्न ठरलं. मुलगा किन्हवलीच्या पुढचा, वाशिंदच्या बाजूला कंपनीत जाणारा. घर शेतीवालं, माणसं चांगली. आम्ही चार-पाच जण लग्नाला जाऊन आलो. त्यानंतरचा मंगळवार ती आली नाही, शुक्रवारीही नाही. पण मुद्रणांची उत्तरं मात्र येत राहिली, वेळेवर, नीट. मला फार बरं वाटलं. मी प्राचार्यांना अभिमानाने सांगितलं, बघा सर, मुलीचं लग्न झालं तरी शिक्षण सुटलं नाही. ही आपल्या पद्धतीची कमाल.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी उत्तरं ऐकत होते. कविताचं लावलं. आवाज हळू होता, भांडी घासण्याचा आवाज जवळच येत होता.

"मॅडम, हे उत्तर नाय. मला दुसरं सांगायचंय. घरचे वाईट नायेत. पण ते म्हणतात, घरी बसून सगळं होतंय ना, मंग कॉलेजला कशाला जायाचं? तुमी आराखड्याचा कागद वाटला, त्यावर पण 'शक्यतो यावे' असंच लिवलंय, त्यांनी वाचलं. आधी कॉलेजला जावंच लागायचं म्हणून कुणी अडवत नव्हतं. तुमी घरून करायचं सोपं केलं ना, म्हणून मला आता येता येत नाय. मॅडम, मंगळवारी-शुक्रवारी यावंच लागंल, असं लिवा. शिक्का मारून पाठवा."

मी ते पुन्हा लावलं नाही. लावायची गरज नव्हती. आराखड्याचा कागद समोरच होता. 'मंगळवार व शुक्रवार, शक्यतो प्रत्यक्ष उपस्थित राहावे.' तो 'शक्यतो' मी विचारपूर्वक घातला होता. मुलांवर जुलूम नको म्हणून. मला वाटलं होतं मी दार उघडं ठेवते आहे. त्याच दारातून एक मुलगी आत ढकलली गेली होती आणि बाहेरून कडी लागली होती.

देसले सरांना ते ऐकवलं तर ते म्हणाले, "सक्ती केली तर कामावर जाणारी पोरं अडचणीत येतील, मॅडम." ते खरं होतं. आम्ही दोघं बराच वेळ बसलो. शेवटी असं ठरवलं की दोन दिवस सक्तीचे. ज्याचा एखादा दिवस खरोखर चुकेल त्याने तो पुढच्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी जास्त थांबून भरून काढायचा. पण घरी बसून भरून काढता येणार नाही. कोणत्याही कारणाने नाही.

प्राचार्य म्हणाले, "कापणीत तुम्ही हजेरी सैल करा म्हणत होता. आता आवळा म्हणता."

"हो, सर."

"एका मुलीसाठी?"

"एकीने सांगितलं, सर. वर्गात अजून अकरा मुली आहेत. त्या सांगणार नाहीत."

त्यांनी पेन उघडलं. 'शक्यतो' त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं आणि वर लिहिलं, 'अनिवार्य'. सत्राच्या उरलेल्या सगळ्या मंगळवार-शुक्रवारच्या तारखा टाकून, गोल शिक्का मारून ते पत्र बेचाळीस घरी टपालाने गेलं.

कविता पुढे पास झाली. फार मोठे गुण नव्हते, पण तिचे होते. पदवी पूर्ण केली. आता एक लहान मुलगी आहे तिला, आणि पाण्याच्या कामांसाठी गावोगाव मोजणी करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. तिपाई घेऊन.

आज एसटीत हे सगळं मनात येतं आहे, कारण दुपारी कॉलेजात बैठक आहे. आमची ती पद्धत आता सगळ्या विषयांना लागू झाली आहे, आणि नव्याने आलेल्या काही जणांनी सुचवलं आहे की कापणीचा महिना पूर्ण घरूनच ठेवावा. मुलांची पायपीट वाचेल, मुलींना सोयीचं होईल. त्यांचा हेतू वाईट नाही. माझाही नव्हता. मी बैठकीत 'नाही' म्हणणार आहे, आणि कुणी ऐकलं नाही तर पुढच्या बैठकीतही म्हणणार आहे. दोन दिवस राहतील. आणि का, असं कुणी विचारलं तर मी त्यांना पत्र गेल्यानंतरचा पहिला मंगळवार सांगेन.

त्या मंगळवारी आम्ही मैदानात होतो. फाटकातून कविता येताना दिसली, लग्नातल्या हिरव्या बांगड्या अजून हातात. तिच्या दोन पावलं पुढे तिची सासू चालत होती, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात आमचं पत्र. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"हे तुमीच धाडलं का?"

"हो. कॉलेजने पाठवलंय."

"यावंच लागतं?"

"यावंच लागतं."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. तिपाई, कागद, उन्हात उभी पोरं. "हितंच? उन्हात?"

"हो. हे घरी होत नाही."

त्या आंब्याखालच्या दगडावर बसल्या आणि दोन तास बसून राहिल्या. खरंच काय चालतं ते पाहायलाच त्या आल्या होत्या, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. कविताने पट्टी रोखली, रेषा ओढली, एका मुलाशी वाद घातला की तुझी तिपाई तिरपी आहे. तो नाही म्हणाला. तिने फळ्यावर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा एका बाजूला सरकलेला दाखवला. तिपाई तिरपीच होती. मी आंब्याखाली पाहिलं. सासूबाई पदराआडून बघत होत्या.

तास संपला. त्या उठून आल्या, पत्राची घडी उलगडून माझ्यासमोर धरली. त्यांना वाचता येत नसावं, पण तारखांच्या रांगेवर त्यांनी बोट ठेवलं.

"फुडच्या मंगळवारी हिला घरून किती वाजता सोडू?"

"आठच्या गाडीने. म्हणजे सरळगावला बदलून वेळेत पोचते. आणि शुक्रवारी पण."

"शुक्रवारी पण?"

"शुक्रवारी पण," मी म्हटलं.

त्यांनी बोट एक ओळ खाली सरकवलं, जणू शुक्रवार तिथे आहे याची खात्री करून घेतली. मग घडी घालून पत्र कमरेच्या पिशवीत ठेवलं.

"चल गो," त्या कविताला म्हणाल्या, "गाडी चुकंल. शुक्रवारची भाकरी रातच्यालाच बांधून ठेवाया लागंल तुला."